तळ्यातली पोरगी आणि तिसरा मार

राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या तळ्यावर गोरक्ष म्हशींना पाणी पाजायला आला, तेव्हा चांगुणा केस विंचरत बसली होती. काठावर नव्हे — पाण्यावर. आजवर तिला असं पाहून माणसं पळाली होती. हा उभाच राहिला… आणि फडक्यातली अर्धी भाकर त्यानं पुढं धरली.

"कडक हाय," ती म्हणाली.

"मीच थापलीय."

"मंग बायकू कर की."

"बघतोय ना…" तो म्हणाला, आणि खरोखरच तिच्याकडं बघत राहिला.

चांगुणाच्या हातातला कंगवा पाण्यात पडला. उचलता आला असता. तिनं तो बुडू दिला.

मग तो रोज येऊ लागला. डेअरीवर दूध घालून सायकल तशीच तळ्याकडं वळवायची, कॅन खडखडत. कधी कागदात दोन पेढे, कधी एसटीडी बूथवर ऐकलेल्या गमती. ती पाण्याखालच्या गावाचं सांगायची, तिथं चूल कशी पेटते ते. दिवाळीपर्यंत गोष्ट तिच्या बापाच्या कानावर गेली.

तळ्यातली माणसं जुन्या रिवाजाची. बाप म्हणाला, वर जायचं तर जा, पण ज्याच्यासाठी जाशील त्याचा मार तीनदा बसला, मग तो फुलाएवढा का असेना, की परत यायचं. मोजणार बापच. चांगुणाला कुणी काही विचारलं नाही. गोरक्षनं तर लगेच मान डोलावली. त्यानं म्हशीवरसुद्धा कधी काठी उगारली नव्हती.

चांगुणा वर येऊ-जाऊ लागली. पण बाजारच्या दिवशी एसटी सुटायला लागली, आणि "चल की" म्हणत त्यानं तिच्या खांद्यावर थाप मारली. तळ्यात बसून बापानं एक मोजला. मग तिच्या मानेवर मधमाशी बसली, ती त्यानं झटकली. दोन.

त्यानंतर तो हात पाठीमागं बांधूनच बोलायचा.

"गुरुजींपुढं उभा असल्यागत काय रं बोलतूस?" ती चिडवायची.

"भ्या वाटतं."

"माजं?"

"तुज्या बापाचं." त्यानं हात आणखी घट्ट बांधले. "…अन् तू जाशील त्याचं."

वैशाखात लग्न ठरलं. गोरक्षची आई आक्काबाई गावभर सांगत फिरली, की पोरीला कुणी थट्टेतही चापटी मारायची नाही. सगळ्याचा विचार झाला होता. अंतरपाट सरकल्यावर नवरानवरी एकमेकांच्या डोक्यावर अक्षता टाकतात, हे मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

गोरक्षची मूठ वळलेलीच राहिली. भटजी म्हणाले, टाका, मुहूर्त टळतोय. त्यानं चारच दाणे सोडले, अगदी हलके… त्यातला एक घरंगळून तिच्या गालाला लागला.

मांडवाच्या तोंडाशी बाप उभा होता. धोतरातून पाणी गळत होतं.

"तीन," तो म्हणाला. "चल."

ताशा थांबला. चांगुणा जागची हलली नाही.

"आबा, कुणाला लागलं?"

"तुला."

"मग मोजायचं मी. मला एकपण लागला न्हाई."

"रिवाज हाय, पोरी."

"रिवाज तुमचा हाय. अंग माजं हाय."

बाप हळू आवाजात म्हणाला, की आज आली नाहीस तर पाणी तुला कायमचं बंद.

खाली पाण्यात चांगुणाची आई होती.

"आईला सांगा, मी काठावर येत जाईन. तिला भेटायचं आसंल तर तिनं वर यावं. तिलापण कुणी कधी इचारलं न्हाई." मग ती गोरक्षकडं वळली, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात. "अन् तू ऐक. ज्या दिवशी खरा हात उगारशील, त्या दिवशी तिसऱ्याची वाट न्हाई बघायची मी. पहिल्यालाच निघीन. तळं उघडं आसू दे न्हाईतर बंद."

"ऐकलं," गोरक्ष म्हणाला. आणि कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा त्यानं आपण होऊन तिचा हात धरला.

बाप वळला. त्याची ओली पावलं मांडवाबाहेर उमटत गेली. चांगुणानं ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं.

तिच्या वाटणीच्या अक्षता अजून टाकायच्या होत्या. तिनं ताटातून ओंजळ भरून घेतली आणि सगळ्याच्या सगळ्या त्याच्या तोंडावर फेकल्या.

"वाजवा की आता," ती ताशेवाल्याला म्हणाली.