गव्हर्नर झोपले नव्हते

शाळेच्या कार्यक्रमासाठी काळा कोट हवा होता, एवढंच त्या दिवसाचं काम. दुबईत, अल बर्शातल्या आमच्या बिल्डिंगखालच्या शिंप्याने तो वेळेत शिवून दिला आणि दुपारी मी सृष्टीला घेऊन शाळेत पोचले. सुजीत, माझा नवरा, रुवैसला रिफायनरीत असतो. वीकेंडलाच घरी येतो. त्यामुळे अशा ठिकाणी मी एकटीच.

सृष्टी दहा वर्षांची, शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची. मुलांनी इतिहासातली एकेक व्यक्ती व्हायचं, मेणाच्या पुतळ्यासारखं स्तब्ध उभं राहायचं. हातावरचा लाल स्टिकर कुणी दाबला की आपलं चरित्र सांगायचं. सृष्टी झाली होती एझ्रा हॉलबर्न, दीडशे वर्षांपूर्वीचे तिकडच्या एका राज्याचे गव्हर्नर. जोडे शिवणाऱ्याचा मुलगा, दिव्याखाली बसून कायदा शिकला, वकील झाला, दोनदा निवडून आला. अनाथ मुलांसाठी शाळा काढल्या, नदीवर पूल बांधले.

एक गोष्ट मात्र वाईट घडली होती. एका तरुणाला फाशी होणार होती. त्याची आई बर्फातून चालत दया मागायला गव्हर्नरांच्या दाराशी आली. नोकराने सांगितलं, साहेब झोपलेत. सकाळी पोरगा फासावर गेला. पुढे खरा खुनी सापडला. चरित्रकार लिहितो की साहेबांना कुणी उठवलंच नाही. नबिला मॅमने, सृष्टीच्या टीचरने, हा भाग भाषणातून काढायला लावला. लहान मुलांसमोर कशाला?

"ममा, डोन्ट स्टँड सो क्लोज," कोट घालताना सृष्टी म्हणाली. "आय नो माय लाइन्स."

बाहेर धुळीचं वादळ उठलं होतं. हॉलच्या काचा तपकिरी झाल्या होत्या आणि एसीची घरघर चालली होती. आईबाप या पुतळ्याकडून त्या पुतळ्याकडे फिरत होते. माझ्याबरोबर ओल्गा होती, वसईची, माझी ऑफिसातली मैत्रीण. तिचा मुलगा पलीकडे शास्त्रज्ञ होऊन उभा होता. सृष्टीने आपलं भाषण चारचौघांना न अडखळता ऐकवलं. मला अगदी भरून आलं.

मग नाकाला वास आला. चरबीची मेणबत्ती विझवल्यासारखा, उग्र.

गर्दीतून काळ्या कपड्यांतली एक बाई पुढे आली. इथे बुरख्यासारख्या काळ्या अबायांचं काय नवल? मी बाजूला सरकले. पण ती शेजारी आली तेव्हा दिसलं... अबाया नव्हती ती. जाड लोकरीचा पायघोळ झगा होता आणि त्याची खालची कड चिंब भिजलेली होती.

तिने सृष्टीच्या हातावरचा स्टिकर दाबला.

सृष्टीने डोळे मिटले. घरी मराठीत विचारलं तरी इंग्लिशमध्ये उत्तर देणारी माझी मुलगी स्वच्छ मराठीत म्हणाली,

"मी झोपलो नव्हतो."

झोपलो... मुलगी असून 'झोपलो'. आवाज तिचाच होता, पण म्हाताऱ्यासारखी मधेमधे धाप लागत होती.

"दिवा मालवायला लावला मी... पडद्याआडून बघत होतो. तू पायरीवर बसून होतीस... निवडणूक तोंडावर होती. माफीच्या कागदावर सही केली असती तर मतं गेली असती..."

"सृष्टी!" मी तिचे खांदे धरले. लाकडासारखे ताठ. हात बर्फ.

"सोडा तिला," मी त्या बाईला म्हणाले. "लहान आहे हो. मी आई आहे तिची."

बाईने माझ्याकडे पाहिलं. ती कोणत्या भाषेत बोलली, आजही सांगता येणार नाही. पण मला कळलं.

"मीसुद्धा त्या दारात हेच म्हणाले होते."

"अनुपमा, कुणाशी बोलतेयस?" ओल्गाने माझा दंड धरला. "कोण आहे तिथे?"

सृष्टीचे ओठ निळे पडत चालले होते. श्वास चालू होता की नव्हता, कळेना. मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले आणि माझ्या लेकीला नाही, त्या म्हाताऱ्याला हात जोडले.

"साहेब, दार उघडा. एकदा भेटा तिला... पाया पडते."

मग सृष्टीने डोळे उघडले, त्या बाईकडे बघितलं आणि माझ्या पोरीच्या तोंडून शब्द आले,

"या... आत या."

बाई एक पाऊल पुढे झाली. सृष्टीच्या अगदी अंगाशी. आणि पुढे ती कुठेच नव्हती. सृष्टी माझ्या अंगावर कोसळली.

नबिला मॅम धावत आली. पाणी मारलं, कोट काढला. थोड्या वेळाने सृष्टी रडतच म्हणाली, "ममा, डिड आय फरगेट माय लाइन्स?"

डॉक्टर म्हणाले, शुगर खाली गेली असेल. सुजीत त्याच संध्याकाळी रुवैसहून निघून आला. मी सगळं सांगितलं, तर त्याने माझ्याच कपाळाला हात लावून ताप बघितला. सृष्टीला काही आठवत नाही. खाते, खेळते, इंग्लिशमध्ये भांडते. मीही म्हटलं, खलास, संपलं.

पण दुसऱ्या दिवशी तिला शाळेसाठी उठवायला गेले, तर तिच्या उजव्या हाताच्या बोटांना शाई लागलेली होती. टाक धरतात ना, त्या बोटांना. आमच्या घरात शाईची बाटली नाही. साबणाने घासून काढली. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

आता मी तिच्याजवळच झोपते. हात हातात धरून. तिचा हात रात्रभर हलत नाही, मी शपथेवर सांगते.

आज सकाळी माझ्या तळव्यालाही शाई लागली होती. ओली.