साबणदाणी कुणाला आवडली?

रविवारी दुपारी मावशीचा दवाखाना बंद असतो आणि भिंगरीला नेमकं तेच हवं होतं. भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे; पण एका जागी घटकाभरही न टिकणाऱ्या भाचीला मावशीने ते चिकटवलं आणि ते घरातून शाळेपर्यंत जाऊन पोचलं. पाठीवर गिटार, हातात कापडी पिशवी आणि तोंडाची टकळी चालू, अशा थाटात ती दवाखान्याच्या पायऱ्या चढली. पिशवीत गिटारला जोडायची तीन पेडलं होती आणि त्यातलं एक आज निवडायचंच होतं.

झालं होतं असं, की शाळेच्या बँडचा जुना अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, कपाटाएवढा, दोघींनी मिळून उचलायचा, तो ऐन तालमीत शेवटचा खोकला खोकून कायमचा गप्प झाला. नवा घ्यायची शाळेची ऐपत नव्हती. मग संगीताच्या बाईंनी मधली वाट काढली. हल्ली छोटी डिजिटल पेडलं मिळतात, मोठमोठ्या अँपच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणारी. त्यातलं एक स्वस्तातलं आणायचं, गिटार त्याला जोडायची आणि त्याची वायर सरळ हॉलच्या स्पीकरला. निवड भिंगरीने करायची. सोमवारी बाई ऐकणार. आवाज मनाला आला तर वार्षिक कार्यक्रमात गाण्याच्या मधला एकटीने वाजवायचा तुकडा भिंगरीचा. नाही आला तर तो कीबोर्डवालीचा.

मागच्या वर्षी भिंगरी मागच्या रांगेत, पडद्याला पाठ लावून, इतकं हळू वाजवायची की ड्रमवालीने एकदा भर तालमीत विचारलं होतं, ही गिटार खरी आहे की पुठ्ठ्याची. यंदा मात्र बाईंनी तुकडा कोण घेणार म्हणून विचारलं तेव्हा तिने स्वतःहून हात वर केला. वर गेलेला हात बघून सगळ्यात जास्त दचकली ती स्वतःच. पण आता तो खाली घ्यायची तिची अजिबात तयारी नव्हती.

दुकानदाराने तिन्ही पेडलं विश्वासावर दिली होती, त्यातली दोन संध्याकाळी परत आणायच्या बोलीवर. भिंगरीने वाटेतच त्यांचं बारसं उरकलं. पहिल्याला रंगीत पडदा, लुकलुकते दिवे आणि शंभर तऱ्हेचे आवाज, तो नवरदेव. दुसऱ्याच्या अंगभर नुसते नॉबच नॉब आणि एकही हसरा नाही, तो हेडमास्तर. तिसरं करड्या रंगाचं, कोपऱ्यात पोचा आलेलं, ना नाव ना गाव. ती साबणदाणी. दुकानदाराने ती बहुधा पिशवी भरलेली दिसावी म्हणून टाकली असणार.

घरी वाजवून बघायची सोय नव्हती. बाबांना तिन्ही सारखीच वाटली, आईने फक्त सगळ्यात हळू वाजणारं कुठलं तेवढं विचारलं, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी झाडूच्या दांड्याने छतावर आपलं मत नोंदवलं.

मावशीकडे मात्र शांतता विकत घेतल्यासारखी होती. तिचं काम लोकांचे कान तपासायचं. दवाखान्याच्या आतल्या भागात त्यासाठी एक खोली होती. खोली कसली, खोलीत ठेवलेली मोठी पेटीच. फ्रीजसारखं जाड दार ढप्प करून लागलं की बाहेरचं जग पुसून जाई. भिंतींना खडबडीत स्पंज, मधोमध एक खुर्ची, खुंटीला हेडफोन आणि लांब वायरीचं एक बटण. काचेपलीकडे मावशी यंत्रापुढे बसायची आणि बारीक, आणखी बारीक आवाज सोडत राहायची. आतल्या माणसाला आवाज ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. मावशीच्या टेबलावर हिरवा दिवा लागायचा. बस्स, एवढाच कारभार.

परीक्षा कशी घ्यायची ते मावशीनेच ठरवलं. भिंगरीने आत काचेकडे पाठ करून बसायचं, हेडफोनची पट्टी आपल्या डोक्याच्या मापाने आवळून घ्यायची आणि दरवेळी तोच तुकडा वाजवायचा. पेडलं बाहेर टेबलावर; कुठलं जोडलंय ते फक्त मावशीला माहीत. वाजवून झालं आणि आवडलं तर बटण दाबायचं. बोलायचं नाही.

“तुझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही,” मावशी म्हणाली. “दिवे लुकलुकताना दिसले की तुझे कान सुट्टीवर जातात.”

फेऱ्या सुरू झाल्या. एका आवाजात तार छेडल्यावर सूर किंचित उशिरा येत होता. हा हेडमास्तर, भिंगरीने मनात म्हटलं, वर्गावरही असेच येतात. एक भरदार, रुंद, सगळीकडून अंगावर येणारा. त्यात आपण कुठल्या तरी मोठ्या मैदानात वाजवतोय असं वाटे. बटण तिने त्यालाच दाबलं, दरवेळी. आणि एक होता साधा, उघडा, बोटाची प्रत्येक हालचाल चहाडी केल्यासारखी सांगणारा. तो तिला जरा भोचकच वाटला.

दार उघडून मावशी आत आली ती कपाळाला आठी घेऊन.

“भिंगरे, दोन्ही हात गिटारवर असताना तू बटण कसं दाबत होतीस?”

भिंगरीने आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. तिसरा कुठे निघालाय का, असं तिचं तोंड झालं. ती म्हणाली की बटण तर मांडीवर होतं आणि तिने ते वाजवून झाल्यावरच दाबलं होतं. मावशीने सांगितलं की तेही दाबणं दिसलं, क्षणभराचं, नवरदेवाच्या वेळी. पण साबणदाणी जोडली की दिवा तुकड्याच्या पहिल्या सुरापासून लागायचा आणि, मधे एकदा क्षणभर विझला तर तेवढाच, शेवटच्या सुरापर्यंत तसाच राहायचा. दर फेरीला. इतर दोघांना नाही.

मावशी कुठल्याच गोष्टीला लगेच घाबरणारी नव्हती. वायर ढिली असेल, म्हणाली. तिने बटणाची वायर यंत्रातून उपटून काढली आणि गुंडाळी करून खिशात टाकली. भिंगरीला बाहेर बोलावलं, हेडफोन खुंटीला लावला, रिकाम्या पेटीचं दार ढप्प केलं, आणि यंत्रातून एक साधा, ठळक आवाज आत सोडला.

हिरवा दिवा लागला.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग भिंगरीला हसू फुटलं, आणि ते थांबवता येईना म्हणून तिने मावशीच्या दंडात तोंड खुपसलं. मावशीने आवाज आणखी हळू केला. दिवा लागला. आणखी हळू. लागला. मावशीच्या हाताला आता वेग आला होता. चांगला विद्यार्थी सापडलेल्या मास्तरीणबाईंसारखी ती खुर्चीत पुढे सरकली. खोटं बोलणाऱ्या पेशंटला पकडायची तिची एक युक्ती होती. आवाज सोडल्यासारखं करायचं आणि काहीच सोडायचं नाही. तिने तसं केलं. दिवा लागला नाही. पुन्हा केलं. नाही लागला. खरा आवाज सोडला, यंत्रातला शेवटचा, ज्याच्याखाली आकडाच नव्हता. दिवा लागला, तोही जराही न अडखळता.

“थापा मारत नाही,” मावशी पुटपुटली. आणि मग, अगदी हळू, “काय कान आहे गं.”

एवढं कौतुक तिने आजवर भिंगरीचंही केलं नव्हतं.

खरं तर इथे दोघींनी पिशव्या उचलून पळ काढायला हवा होता. पण दुपारचं ऊन दवाखान्याच्या फरशीवर लख्ख पडलं होतं, बाहेर कुणीतरी गाडी धूत शीळ घालत होतं, आणि भिंगरीला भीतीपेक्षा मोठी एक गोष्ट छळत होती. इतका तल्लख कान, आणि त्याला नवरदेव सोडून साबणदाणी आवडते? का म्हणून?

ती पुन्हा आत जायला निघाली. मावशीने तिचा हात धरला, मग सोडला, आणि म्हणाली की दार किंचित उघडं ठेवते, आणि मी इथेच आहे.

भिंगरी खुर्चीत बसली. खुंटीवरचा हेडफोन काढून तिने डोक्यावर चढवला आणि तो घसरून थेट गळ्यात आला.

पट्टी दोन्ही बाजूंनी पार शेवटपर्यंत ओढलेली होती.

तिने ती पुन्हा आपल्या मापाची केली. यावेळी ती काचेकडे तोंड करून बसली, दिवा दिसावा म्हणून, आणि मावशीला खुणेने नवरदेव जोडायला सांगितलं.

वाजवलं. मैदान भरून गेलं. तुकड्याच्या मधे एक अवघड उडी होती. तिथे तिचं बोट नेहमी थोडं आधीच सुटायचं. सुटलं. कळलंसुद्धा नाही. सगळं त्या भरदार आवाजात बुडालं. दिवा अख्खा वेळ बंद.

मग साबणदाणी.

पहिल्या सुराला दिवा लागला.

भिंगरीने डोळे दिव्यावर ठेवले आणि वाजवत राहिली. अवघड उडी आली. बोट आधीच सुटलं.

दिवा विझला.

पुढचा सूर नीट लागला. दिवा लागला.

तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच विझला. पुन्हा. पुन्हा. आणि मग एकदा तिने बोट धरून ठेवलं, सूर पुरता होऊ दिला, आणि उडी मारली.

दिवा लागलेलाच राहिला.

काचेपलीकडे मावशी दोन्ही हात वर करून नाचल्यासारखं करत होती. भिंगरीला एकदम काहीतरी उमगलं. नवरदेव म्हणजे मागच्या वर्षीचा पडदाच की. तिकडे लपून हळू वाजवायचं, इकडे लपून जोरात. साबणदाणीत लपायला जागाच नव्हती.

संध्याकाळी तिने नवरदेव आणि हेडमास्तर दुकानात परत दिले. तिने तिसरंच ठेवलं म्हणून दुकानदाराने दोनदा विचारलं, नक्की ना. नक्की, ती म्हणाली.

सोमवारी सकाळी तालमीच्या खोलीत बाई खिडकीपाशी बसल्या. कीबोर्डवाली हाताची घडी घालून, ड्रमवाली काड्या कानामागे खोचून. साबणदाणी बघून कुणीतरी फिस्सकन हसलं. भिंगरीने वायर स्पीकरला जोडली आणि वाजवायला लागली, पडद्यापासून लांब, खोलीच्या मधोमध. उडी आली. बोट थांबलं, सूर पुरता झाला, उडी बसली. शेवटचा सूर खोलीत फिरून विरला. मग बाईंनी चष्मा पुसला आणि एवढंच म्हणाल्या, “तुकडा तुझा.” कीबोर्डवालीने आधी तोंड फिरवलं, मग टाळ्या वाजवल्या, आणि ड्रमवालीने भिंगरीला उचलून अशी गरागरा फिरवली की नावाचं सार्थक झालं.

सगळ्या पांगल्यावर भिंगरी बाहेर पॅसेजमधल्या लांब बाकावर बसली, गिटार शेजारी टेकवली आणि मावशीला फोन लावला. एका दमात सगळं सांगून टाकलं. मावशी हसली, शाबास म्हणाली. पण ते हसू अर्ध्यात थांबलं.

तिने सांगितलं की सकाळी तिच्याकडे एक आजोबा आले होते. दोन्ही कान पार गेलेले, पाटीवर लिहून दाखवावं लागतं असे. त्यांना पेटीत बसवलं, हातात बटण दिलं, आणि यंत्र सुरू करायच्या आधीच दिवा लागला. तिला वाटलं, आजोबांनी चुकून दाबलं. वर बघितलं तर बटण आजोबांनी केव्हाच खुंटीला अडकवलेलं आणि ते डोळे मिटून गुडघ्यावर ताल धरताहेत. थोड्या वेळाने ताल थांबला आणि दिवाही विझला. भिंगरीने विचारलं, केव्हा. मावशीने सांगितलं. भिंगरी त्याच वेळी तालमीच्या खोलीच्या मधोमध वाजवत होती.

“मी त्यांना पाटीवर लिहून विचारलं, काय ऐकलंत.”

“मग?”

“म्हणाले, पोरगी झकास वाजवते. फक्त तिला म्हणावं, जरा जागा करून दे. शेजारच्याला अगदीच अवघडून बसावं लागतंय.”

भिंगरीने फोन कानावरून न काढता बाकाकडे पाहिलं. अख्खा बाक रिकामा होता, आणि ती मात्र एका टोकाच्या वीतभर जागेत बसली होती. आपण इथवर कधी सरकलो ते तिला आठवेना. तिच्या आणि रिकाम्या जागेच्या मधे फक्त गिटार होती.

तिने गिटार उचलून खाली जमिनीवर ठेवली.

बाक पलीकडच्या बाजूने हलकेच करकरला, कुणी सरकून बसल्यासारखा, आणि भिंगरीला एकदम ऐसपैस झालं.