ताईचा साचा

मार खाल्लेल्या माणसांच्या चेहऱ्यांचे साचे घ्यायचे, ही तिची कला. पाच वर्षांत चाळीस चेहरे झाले होते. "घाव भरतो हो, पण माणूस पुन्हा तोच राहतो का?" असं ती बघायला आलेल्यांना विचारायची आणि ते माना डोलवायचे.

एका दुपारी थोरली बहीण तिच्या कामाच्या खोलीवर आली. गालावर काळानिळा डाग.

"माझाही घे," ताई म्हणाली.

"भाऊजींनी...?"

"त्यात नवीन ते काय! घे तू."

तिने ताईला आडवं केलं, चेहऱ्याला तेल चोपडलं, नाकात दोन नळ्या घातल्या आणि ओलं प्लास्टर थापलं. वीस मिनिटं खोलीत फक्त नळ्यांतला श्वास ऐकू येत होता. साचा निघाल्यावर तोंड पुसता पुसता ताईने विचारलं, "चार दिवस राहू का गं तुझ्याकडे?"

"प्रदर्शन होऊन जाऊ दे, मग ये ना. आत्ता पाय ठेवायला जागा नाही बघ."

"बरं," म्हणून ताईने चपला घातल्या.

संध्याकाळी तिने साच्यात प्लास्टर ओतलं. घट्ट झाल्यावर चेहरा उचलला. कपाळावर डावीकडे बोट बुडेल एवढी खोक होती; दुपारी ती नव्हती. साच्यात तिथे उंचवटा हवा होता. तिने आतून हात फिरवून पाहिला. सगळं गुळगुळीत.

तिने फोन लावला. भाऊजींनी उचलला.

"ताईला द्या."

"झोपलीय ती..."

"उठवा."

पलीकडे पावलं आत गेली, परत आली. मग हलकेच आवाज आला, "उठत नाहीये..."

दवाखान्यात चादर बाजूला केली. खोक तिथेच होती. तेवढीच.

भाऊजींना पोलिसांनी नेलं. प्रदर्शन झालंच नाही. "तुझा काय दोष?" लोक म्हणायचे आणि ती चहा ठेवायला उठायची. 'जागा नाही' हे कुणी ऐकलंच नव्हतं.

महिन्याभराने तिने त्याच साच्यातून ताईचा धड चेहरा काढायचं मनावर घेतलं. या वेळी खोक नव्हती. पण मिटलेले ओठ जरासे विलग झाले होते. पुन्हा ओतलं, तर दातांची कड दिसली. तिसऱ्यांदा जीभ दिसली, बोलायच्या आधी टाळूला टेकते तशी टेकलेली.

चौथ्यासाठी तिने प्लास्टर कालवलं. पण ओतायला हात उचलेना. घमेल्यात ते तिच्या बोटांभोवती गरम होत होत दगड झालं.