चार बोटं कमी

मोबाईल ठेवा रे खाली. आणि मध्येच फिदीफिदी हसायचं नाही. हे माझ्या मित्राच्या, एका फ्रेमवाल्याच्या बाबतीत घडलंय.

शाळेतल्या एका बाईंना नव्या घराच्या भिंतीवर काहीतरी भारदस्त हवं होतं. त्यांनी एका जुन्या चित्राची मोठी छापील प्रत आणली. कुठल्याशा राजघराण्यातला पाच-सहा वर्षांचा मुलगा, मखमली कोट, गळ्याशी झालर. त्याचा एक हात बाजूला, आणि चित्राच्या अगदी कडेला कुणा मोठ्या माणसाचा पंजा, त्याचा हात धरलेला. माणूस दिसतच नव्हता.

फ्रेमवाल्याकडे तयार फ्रेम पडून होती, चार बोटं कमी. नवी बनवायचा गड्याला कंटाळा. "कोणाच्या बापाला कळतंय!" म्हणाला आणि कड छाटली. पंजा गेला कचऱ्यात. पोरगा राहिला हवेत हात पसरून.

आठवड्याने बाईंचा फोन. "दादा, चित्र बदललंत का हो? आमची छकुली सारखी विचारते, याचं कोण हरवलंय?"

"छे हो! आहे तेच आहे." त्याने कानांवर हात ठेवले खरे, पण मनात पाल चुकचुकली.

बाईंना काही पटलं नाही. "मग येऊन दाखवा."

तो मंगळवार. दुकान बंद करून तो पोचला तेव्हा रात्रीचे पावणेदहा.

"हळू बोला. छकुली झोपलीय," बाई म्हणाल्या आणि बाहेरच्या खोलीतला दिवा लावला.

छकुली भिंतीपाशी उभी होती. टाचा उंचावून. डोळे मिटलेले. उजवा हात वर... काचेवर.

त्या मुलाच्या हातावर.

"छकुले..."

बाईंनी तिला ओढलं. हात निघेना. पुन्हा ओढलं...

फ्रेमवाल्याने चित्राला हिसडा दिला. खिळा उपटला. काच फुटली. पोर आईच्या अंगावर कोसळलं.

"चूक माझी, बाई," तो रडायलाच लागला. "मीच छाटलं." त्याच रात्री त्याने दुकानात साठलेला कचरा उपसून तो तुकडा शोधला आणि चिकटवला. जाळायची हिंमत झाली नाही. चित्र त्याच्याच माळ्यावर आहे.

याला सहा वर्षं झाली. छकुली आता दहा वर्षांची, हुशार, बडबडी. फक्त रस्ता ओलांडताना आईला डावाच हात देते. परवा बाई चिडल्या, "अगं, इकडून गाड्या येतात, उजवा दे!"

तर म्हणाली, "आई, तो मोकळा नाहीये."