भाऊजींची डिस्क पुसली तेव्हा

तुम्ही विश्वास ठेवाच असं नाही. पण त्या खोलीत मी होतो आणि माझी सख्खी बहीण होती. दोघांना एकदम, तोच भास होत नाही.

रात्रही नव्हती. रविवार, दुपारचे दोन. लख्ख ऊन.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. भाऊजींना जाऊन आठ महिने झाले होते.

ताई म्हणाली, "पोरीला कॉलेजसाठी कॉम्प्युटर हवाय. ह्यांचाच तयार करून दे. आतलं सगळं पुसून टाक."

"फोटो?"

"काढून घेतलेत. बाकी काही ठेवू नकोस. कधीतरी उघडून बसेन आणि उठणारच नाही मी."

नुसतं डिलीट केलं तर फाइल जात नाही. यादीतून फक्त तिचं नाव जातं. म्हणून अख्ख्या डिस्कवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, शून्यं लिहावी लागतात. मी डिस्क बाहेर काढली, केबलने माझ्या लॅपटॉपला जोडली आणि भाऊजींच्याच टेबलावर काम सुरू केलं. पाच तास लागणार होते.

भाऊजी गेले ते याच खोलीत. दम्याचा झटका आला आणि पंप नेमका संपलेला. ताई औषधाच्या दुकानात धावली. वीस मिनिटांत परतली…

तोवर सगळं आटोपलं होतं.

तेरा टक्के झाले आणि मला खोकला ऐकू आला.

दोनदा, कोरडा. मग घसा खाकरल्याचा आवाज.

माझ्या पाठीमागून…

वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. ताई दारात आली. हाताला साबण तसाच.

"तू खोकलास?"

"नाही."

"माहितीये," ती हळूच म्हणाली. "तू असा खोकत नाहीस."

मग धाप सुरू झाली. छातीतून शिट्टी वाजावी तशी. चाळीस टक्क्यांना ती सगळ्या खोलीत भरली होती. आकडा एकाने वाढला की श्वास थोडा तोकडा व्हायचा.

"थांबव रे! थांबव ते!"

मी रद्द केलं. आकडा पुढेच गेला. बटण दाबून धरलं. स्क्रीन काळी झाली. केबल उपटली आणि डिस्क हातात घेतली.

तिला एकही वायर नव्हती…

तरी ती फिरत होती. गरम, थरथरत.

आता स्क्रीन नव्हती. पण किती राहिलं ते मला श्वासावरून कळत होतं.

"पंप आणतो," मी म्हणालो आणि खरंच चपला घालायला धावलो. आठ महिन्यांपूर्वी गेलेल्या माणसासाठी!

ताईने माझं मनगट धरलं.

"नको. मी गेले होते एकदा. आता कोणी कुठे जायचं नाही."

तिने डिस्क माझ्या हातातून घेतली, जमिनीवर बसली आणि ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

"आहे मी," ती म्हणत राहिली. "इथेच आहे."

मी भिंतीला टेकून उभा होतो. दुसरं काय करणार होतो?

ऊन उतरलं. श्वास लांब-लांबच्या अंतराने येऊ लागले. एक… बराच वेळ काही नाही… मग आणखी एक.

सातला दहा मिनिटं असताना डिस्क थांबली.

नंतर मी ती तपासली. पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं. काम पूर्ण झालेलं. बंद पडलेल्या लॅपटॉपवरून, केबलशिवाय. 

ताईने विचारलं, "शेवटी काय म्हणाले, ऐकलंस?"

मला श्वासाखेरीज काहीच ऐकू आलं नव्हतं.

"काय म्हणाले?"

ती उठली. मग आत गेली, नळ सोडला आणि उरलेली भांडी घासू लागली. दोन वर्षं झाली, अजून तिने सांगितलेलं नाही.

भाची तोच कॉम्प्युटर वापरते. तिला कधीच काही जाणवलं नाही.

माझ्या दुकानात आजही लोक डिस्क पुसून घ्यायला येतात. मी प्रत्येकाला विचारतो, "कोणाची आहे?" बहुतेक जण हसतात.

गेल्या मंगळवारी एक बाई हसल्या नाहीत. डिस्क ठेवून निघून गेल्या.

मी ती लावली आणि खुर्ची ओढून शेजारीच बसलो. दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

थोड्या वेळाने अगदी जवळून कोणीतरी विचारलं…

"अजून किती वेळ?"

आकडा समोर दिसत होता. मी डिस्कवर हात ठेवून म्हणालो, "इथेच आहे मी."