निळीपायी उठवलेली आवई

"वदिना, तू मेलीस असं सांगून आलोय गावात..." भीमाशंकर खाली मान घालून म्हणाला, आणि शांतम्माने त्याच्यासाठी वाढलेलं ताट तिच्या हातातच राहिलं.

तेलंगणातून सोलापुरात आलेलं हे विणकरांचं घर. नवरा गेल्यावर तिने या धाकट्या दिराला पोटच्या पोरासारखं वाढवलं, माहेरून आणलेलं निळीचं इलम, स्वतःचे हात कोपरापर्यंत निळे करून, त्याला शिकवलं. यंदा, एकोणतीस साली, विलायती रंगतज्ज्ञाला न साधलेली निळाई त्याने सुतावर चढवून दाखवली, तर मिल त्याला रंगमास्तर करणार होती. आणि नेमकी माठातली नीळ नासली! नीळ नासली की रंगाऱ्याने धादांत खोटी आवई उठवायची, ती गावाला पटली की नीळ सुधारते, अशी रंगाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत.

"माहेरी पटकीनं गेली म्हनलं. दुसरं खोटं कुनाला पटंना की."

"मग मी माळ्यावर ऱ्हाते," ती म्हणाली. "सूत रंगंस्तवर मेलेलीच बरी."

आणि काय सांगावं... तिसऱ्या दिवशी माठावर तांबूस साय धरली, नीळ जिवंत झाली! त्याच दिवशी पत्र्याखालच्या माळ्यावर शांतम्माच्या अंगात ताप भरला. दिराच्या कामात विघ्न नको म्हणून त्या माउलीने तोंडातून ब्र काढला नाही. खाली बायका तिच्या नावाने रडत, आणि ती आपलंच गुणगान ऐकत पडून राही.

नवव्या दिवशी रंगलेलं सूत मिलने पसंत केलं; आता दहावा उरकला की तिने खाली यायचं, असं ठरलं. दहाव्या दिवशी घरासमोरच, तळ्याच्या काठी, तिचा पिंड ठेवला. माळ्याच्या झरोक्यातून तिला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. कावळे झाडावर बसलेले. एकही खाली उतरेना. जिवंत माणसाच्या पिंडाला कावळा शिवेल कसा? तिला तापातही हसू आलं.

"इच्छा ऱ्हायलीया तिची," शेजारची निंगव्वा म्हणाली. "बोल काय ते, भीमा."

भीमाशंकरने पिंडापुढे हात जोडले. "मिलमधी माजं नाव लागलंय... पर इलम माजं न्हाय. समदं वदिनाचं हाय. सायबालाबी मी हेच सांगनार."

शांतम्माचा ऊर भरून आला. एवढंच तर तिला हवं होतं, आणि तिचं तिलाही ते आजवर ठाऊक नव्हतं! तोच एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

भीमाशंकर पांढराफटक पडला. तो धावत सुटला, शिडी चढून वर आला.

"वदिना..."

"हितंच हाय की रं," ती म्हणाली. ताप कुठल्या कुठे गेला होता, अंग कसं हलकं झालं होतं. पण तो तिच्या जवळून तसाच पुढे गेला. चटईशी गुडघे टेकून, तिथे पडलेले कोपरापर्यंत निळे हात त्याने छातीशी धरले आणि हुंदके देऊ लागला.

ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्याला ते कळत नव्हतं.