पन्नासच्या पुढे न जाणारी जीप

प्रफुलनं जीपची किल्ली टेबलावर ठेवली आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला.

"बाई, माह्या बायकोचा खून झाला," तो म्हणाला. "या गाडीनं केला. गाडीच्या आड कोन आहे, ते तुमी शोधा."

चंद्रपुरात वच्छलाबाईंकडे लोक हरवलेली माणसं शोधायला येत. गाडीवर खुनाचा आळ घेऊन आजवर कोणी आलं नव्हतं. कोपऱ्यात बसलेल्या हरिदासनं मान वर केली. एस.टी.तून निवृत्त झालेला हा ड्रायव्हर आता बाईंचा सारथी होता, सोबतीही.

"नीट सांगा," बाई म्हणाल्या. त्यांचा सोमवारचा कडक उपास होता. आपल्या पुढ्यातला चहा त्यांनी त्याच्याकडे सरकवला.

प्रफुल मुलचेऱ्याचा. भर दुपारी धानाच्या बांधीत त्याच्या बायकोला, दिव्यानीला, नाग डसला. गावच्या दवाखान्यात पहिली सुई दिली आणि ताबडतोब गडचिरोलीला न्यायला सांगितलं. अ‍ॅम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. प्रफुलनं घरची जुनी डिझेल जीप काढली.

"पन्नासच्या पुढं जायेच ना, बाई! घोटच्या जंगलात रस्ता मोकळा, अन् गाडी पन्नासवर अडली तं अडलीच. मी शिव्या देऊन राह्यलो, स्टेरिंग बडवून राह्यलो. तिचे डोळे मिटत चालले होते. माह्यं मनगट धरून म्हणे, 'गाडीले शिव्या नका देऊ.' तेवढंच बोलली."

चामोर्शीच्या अलीकडे मनगटावरचा तो हात सुटला.

"मिस्त्री म्हणते, बिघाड काईच नाई. इंजिनाच्या कॉम्प्युटरची चिप कोनंतरी नव्यानं लिहिली. पन्नास झाले का डिझेल तोडते."

"चिप आधी कधी लिहून घेतली होती?"

"हाव. राजुऱ्याच्या संघपालकडून, ताकद वाढवाले. मी समोरच उभा होतो. त्या चिपची डबी आतून कोरी करकरीत होती."

"आणि नंतर?"

"उन्हाळ्यात मी गाडी पलटवली. पाय मोडला. माह्या लहान भावानं, निकेशनं, जीप संघपालकडे दुरुस्तीले नेली. संघपाल स्वतः आणून देऊन गेला. माह्यं प्लास्टर निघेपर्यंत उभीच होती. त्या दिवशी पयल्यांदा काढली." त्याचा आवाज कडक झाला. "निकेशले घरातून हाकललं मी. आता दोघाईचं नाव ठाण्यात देतो. पुरावा पायजे फक्त."

"गाडी जोरात चालवता का हो तुम्ही?"

प्रफुल कपातल्या सायीकडे बघू लागला. "हळू चालवीन म्हणून दिव्यानीच्या शपथा घेतल्या होत्या."

"पाळल्या?"

त्यानं मोडलेल्या पायावरून हात फिरवला.

राजुऱ्याच्या रस्त्यावर हरिदासनं स्वतः जीप दाबून पाहिली. काटा पन्नासवर थबके आणि इंजिन दम टाकी. कोळशाचे ट्रक हॉर्न मारत पुढे गेले.

"याच्यापेक्षा बैलबंडी बरी," तो पुटपुटला.

संघपालच्या गॅरेजात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, खाली लॅपटॉप आणि जुन्या गाड्यांच्या उघड्या डब्या.

"ही चिप तुम्ही लिहिली?" बाईंनी विचारलं.

"मीच लिहिली."

"अन् तोंड वर करून सांगतोस?" हरिदास उसळला.

"खोटं काऊन बोलू, भाऊ? पन कोनाच्या सांगन्यावरून, ते नाई सांगत. जबान देल्ली आहे."

"डबी उघडून दाखवा," बाई म्हणाल्या.

संघपालनं अ‍ॅल्युमिनियमची डबी बाहेर काढली, गरम हवेनं कडेचा काळा गोंद मऊ केला आणि झाकण अलगद उचललं. झाकणाच्या आतल्या बाजूला शेजारी शेजारी दोन डाग होते. एक पिवळट, एक तांबडा.

"गंज चढला का रे?" हरिदासनं खिशातून फडकं काढलं.

"हात नका लावू!" संघपाल ओरडला. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "राहू द्या, भाऊ. तसंच राहू द्या."

बाई त्या डागांकडे बघत राहिल्या.

निकेश कोरपन्याला कापसाच्या जिनिंगवर सापडला. केसांत कापूस, दाढी वाढलेली.

"दादा मले खुनी म्हणते," तो म्हणाला. "दवाखान्यातून त्याले मीच खांद्यावर आनलं होतं, बाई."

"जीप राजुऱ्याला तुम्हीच नेलीत ना?"

"हाव. गॅरेजात लावली अन् बस धरून इथी आलो. वहिनी होती सोबत. तिले मावशीकडे जायचं होतं. सोडून देतो म्हटलं, तं म्हणे तू जा, इथून मी पायीच जाते."

"हाच तो," परतताना हरिदास म्हणाला. "गुन्हा करून इथी लपला."

"लपलेला माणूस वहिनी सोबत होती हे आपण होऊन सांगत नाही, हरिदासभाऊ."

मुलचेऱ्याला प्रफुलची आई, रुखमाबाई, दारातच बसली होती. कपाळ मोकळं. एक लेक हाकलला गेलेला, दुसरा घरात असून नसलेला. बाई तिच्याशेजारी टेकल्या.

"देवाला हळदीकुंकू कोण वाहतं, आई?"

"तीच वाहे. मी विधवा बाई, मी करंड्याले हात नाई लावत. ती गेल्यापासून बंदच आहे."

बाईंनी निकेशला आणि संघपालला बोलावून घेतलं. अंगणात सगळे जमले. दोघा भावांच्या मध्ये आई बसली.

"प्रफुलभाऊ, पुरावा सापडला," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण तो एकदा हातात घेतला की खाली ठेवता येणार नाही. नको असेल तर मी गप्प राहीन. मग भावाला घरात घ्यायचं आणि ठाण्याचं नाव काढायचं नाही."

"सांगा."

"डबीच्या झाकणाला आतून दोन डाग आहेत. हरिदासभाऊंना तो गंज वाटला. अ‍ॅल्युमिनियमला तांबडा गंज कधी चढतो का? ती हळद आहे आणि शेजारी कुंकू. पहिल्या वेळी तुम्ही पाहिलीत तेव्हा डबी कोरी होती. म्हणजे ही बोटं दुसऱ्यांदा उघडली तेव्हाची, झाकण चिकटवण्याआधीची. संघपालभाऊ बौद्ध, ते हळदीकुंकू लावणार नाहीत. निकेश डबी उघडण्याआधीच बसमध्ये बसला. आई करंड्याला शिवत नाहीत. मग त्या दिवशी गॅरेजात मागे कोण राहिलं?"

प्रफुल उठला आणि तसाच परत बसला.

"संघपालभाऊ, जिला जबान दिली, ती आता राहिली नाही. बोला."

संघपालनं डोळे पुसले. "म्हणे, 'भाऊ, तुमीच ताकद वाढवून देल्ली, आता तुमीच कमी करा. माह्या शपथेनं त्याईचा पाय थांबत नाई. गाडीच थांबली तं निदान घरी तं येतील. त्याईले नका सांगू, ते आल्या पावली बदलून घेतील.' झाकन लावायच्या आधी तिनं पदराच्या गाठीतून पुडी काढली."

"गाडीले शिव्या नका देऊ," प्रफुल पुटपुटला. "तिले समजलं होतं. जीपमंदी बसल्या बसल्या तिले सारं समजलं होतं."

"हो."

"जोरात गेलो असतो तं वाचली असती का, बाई?"

हरिदासला वाटलं, आता बाई नाही म्हणतील. इतकं एक खोटं देवही माफ करेल.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "माहीत नाही ते मी कसं सांगू?"

रुखमाबाईनं पदर तोंडात कोंबला. निकेश उठून भावाच्या पाठीला पाठ लावून बसला. प्रफुलनं वळून न बघता मागे हात नेला आणि त्याचा हात धरला.

संघपाल म्हणाला, "जुनी चिप आहे माह्याकडे. परत पयल्यासारखी लिहून देतो."

"नको," प्रफुल म्हणाला. "झाकन तेवढं लावून दे. पुसू नको."

संघपालला राजुऱ्याला सोडायला जीप निघाली. प्रफुल चालवत होता, शेजारी निकेश. मागे आपल्या गाडीत हरिदास आणि बाई. घोटच्या जंगलात रस्ता सरळ आणि रिकामा होता. जीप पन्नासवर होती.

जुन्या सवयीनं हरिदासचा हात हॉर्नवर गेला. तो त्यानं काढून घेतला, आणि जीपच्या मागे मागे तो तसाच गाडी चालवत राहिला.